पाणी कशाने निवळते

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद श्रद्धेचे लक्षण विचारतो, तेव्हा भदंत नागसेन त्याला एका ओढ्याचा दृष्टान्त देतात. एक चक्रवर्ती राजा आपल्या चतुरंग सेनेसह लहानसा ओढा ओलांडतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांच्या वर्दळीने ओढ्याचे पाणी ढवळून निघते. पलीकडे गेल्यावर राजा प्यायला पाणी मागतो. सेवक पाणी निवळणारे रत्न त्या गढूळ पाण्यात टाकतात. शेवाळ दूर होते, चिखल तळाशी बसतो आणि राजाला स्वच्छ पाणी मिळते. पाणी म्हणजे चित्त, चिखल म्हणजे क्लेश आणि रत्न म्हणजे श्रद्धा, असा नागसेनांचा उलगडा आहे. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले, त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला आणि ही दोन नावे आपल्या घराघरांत पोहोचली. ग्रंथातले हे रत्न मात्र तितकेसे पोहोचलेले नाही.

आम्ही ते रत्न हातात धरले आहे. ते किराणा दुकानात मिळते आणि त्याला तुरटी म्हणतात.

या स्मरणिकेत संस्थेच्या स्थापनेविषयी, भन्तेजींच्या शिकवणुकीविषयी आणि वसतिगृहाच्या दिवसांविषयी पुष्कळांनी लिहिले असेल. आम्ही, म्हणजे आठवी-नववीत असताना ज्यांच्याकडे पाण्याची पाळी होती ते माजी विद्यार्थी, पाण्याविषयी लिहीत आहोत. हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आम्हाला तो किरकोळ वाटत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गावच्या पाणवठ्यावर दूर उभे राहून, वरून कोणी ओतलेले पाणी ओंजळीत घेतले होते. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांच्याच नातवंडांच्या हाती या विद्यालयाने सगळ्या वसतिगृहाच्या टाकीची किल्ली दिली. पाणी उपसणे, निवळवणे, गाळणे आणि त्यात औषध टाकणे हे काम मुलांचे होते. ते नीट झाले नाही तर लहान वर्गांतली मुले आजारी पडत, हे आम्हाला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आपला मुलूख काळ्या मातीचा. पावसाळ्यात विहिरीत ओढ्याचे पाणी झिरपू लागले की पोहऱ्यात दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे पाणी येई. रांजणात रात्रभर ठेवले तरी जाड गाळ तेवढा खाली बसे, वरचे पाणी गढूळच राही. दोन दिवस ठेवा, चार दिवस ठेवा, फरक जेमतेम पडे. माती पाण्याहून अडीच पटींहून अधिक जड असते, मग ती बुडत का नाही, हा प्रश्न विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हाला घातला आणि उत्तर सांगण्याची घाई केली नाही.

उत्तराचा पहिला भाग आकाराचा आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर व्यासाचा मातीचा कण अगदी शांत पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे १३ दिवस घेतो. त्याच्या एक दशांश आकाराच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी साडेतीन वर्षे लागतील; आणि इतक्या लहान कणाला पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी सतत धक्के देत असल्यामुळे तो सरळ खाली जातच नाही. मायक्रोमीटरपासून त्याच्या हजाराव्या भागापर्यंतच्या, म्हणजे एका नॅनोमीटरपर्यंतच्या आकाराच्या कणांना कलिल कण म्हणतात. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली त्यांचे इंग्रजी नाव सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवले. दूध, शाई, रक्त आणि पावसाळी ओढ्याचे पाणी ही सगळी त्याच कुळातली.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. धक्के खात फिरणारे हे कण एकमेकांवर सतत आदळायला हवेत, आदळून चिकटायला हवेत आणि चिकटून मोठे झाल्यावर बुडायला हवेत. ते तसे का करत नाहीत? उत्तराचा दुसरा भाग विद्युत्‌भाराचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झिजून बनलेल्या मातीत अत्यंत पातळ पत्र्यांसारखे कण असतात. एका पत्र्याची जाडी नॅनोमीटरच्या आसपास. त्यामुळे अशा चिकणमातीच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग काही शे चौरस मीटर भरतो. खनिज घडत असतानाच त्याच्या रचनेत सिलिकॉनच्या काही जागी ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसलेले असते. या अदलाबदलीमुळे पत्र्यावर ऋण भार उरतो. तो कणाच्या जडणघडणीतच असतो, धुऊन जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मॉस्कोमध्ये रॉइस या संशोधकाने पाण्यातून विद्युत्‌प्रवाह सोडला, तेव्हा मातीचे कण धन टोकाकडे सरकताना दिसले होते. असा भार कोठून येतो आणि कशाने बदलतो, या प्रश्नावर पुढे आपल्याकडे कलकत्त्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी मोलाचे काम केले. तेथून ते मातीतील कलिलांकडे वळले आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले.

ऋण भाराचा कण पाण्यात एकटा राहत नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धन आयन त्याच्याकडे ओढले जातात. काही पृष्ठभागाला अगदी लगटून बसतात, बाकीचे सभोवती सैलसर ढगासारखे पसरतात. कणाचा भार आणि सभोवतीचा हा ढग मिळून जे बनते त्याला विद्युत् द्विस्तर म्हणतात. दोन कण जवळ येतात तेव्हा आधी त्यांचे ढग एकमेकांत शिरू लागतात, आणि तेथेच ते परस्परांना मागे ढकलतात. म्हणजे कण कणाला भिडण्याआधी ढग ढगाला भिडतो. हा ढग किती दूर पसरतो हे कणापेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असते. जवळजवळ क्षारविरहित पाण्यात तो शेकडो नॅनोमीटर पसरतो. लिटरला सुमारे सहा ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तो एका नॅनोमीटरपर्यंत आक्रसतो. समुद्राच्या पाण्यात त्याहूनही कमी. नद्यांनी वाहून आणलेला बारीक गाळ मुखाजवळ खाऱ्या पाण्यात पुंजके होऊन बसू लागतो त्याचे एक कारण हेच. आपल्या मराठवाड्यातून वाहत गेलेल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाला या आक्रसलेल्या ढगांचाही हातभार लागला आहे.

दूर लोटणाऱ्या या बलाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओढ घेणारे दुसरे बल. कोणतेही दोन कण पुरेसे जवळ आले की त्यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण असते. ते बाहेरून आणावे लागत नाही, भार असो वा नसो, ते तेथे असतेच. फक्त त्याचा पल्ला आखूड असतो. रशियातील देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ साली, तर नेदरलँड्समधील व्हेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे या दोन बलांची बेरीज मांडली. त्यांचा निष्कर्ष असा की दोन कणांमध्ये जणू एक टेकडी उभी असते. टेकडी उंच असेल तर कण चढून थकतात आणि माघारी फिरतात. पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहते. टेकडी खचली तर तेच कण सहज पलीकडे उतरतात आणि कायमचे चिकटतात.

हे सिद्धान्त म्हणून आम्ही फार नंतर शिकलो. प्रयोग म्हणून मात्र गुरुजींनी तो आधीच दाखवला होता. काचेच्या चार बरण्यांत एकच गढूळ पाणी. पहिलीत काही नाही, दुसरीत मीठ, तिसरीत मॅग्नेशियमचा क्षार, चौथीत तुरटीचे पाणी. मिठाचे चमचे वाढत गेले तेव्हा कोठे दुसऱ्या बरणीत कण जुळू लागले. तिसरीत चिमटीवर भागले. चौथीत काही थेंबांतच कापसासारखे पुंजके दिसू लागले. मिठातील सोडियमच्या आयनावर एक धन भार, मॅग्नेशियमवर दोन आणि ॲल्युमिनियमवर तीन. हान्स शुल्झे यांनी १८८२ साली आणि विल्यम हार्डी यांनी १९०० साली हाच नियम दाखवून दिला होता: कणांच्या विरुद्ध भाराचा आयन जितका अधिक भारित, तितका तो अल्प प्रमाणात पुरतो. आर्सेनिक सल्फाइडच्या कलिलावरील जुनी मापने हे फार ठळक सांगतात. ते साकळण्यासाठी लिटरमागे मीठ ५१ मिलिमोल लागते, मॅग्नेशियम क्लोराइड ०.७२ आणि ॲल्युमिनियम क्लोराइड अवघे ०.०९३. भार एकावरून तीनवर गेला आणि गरज पाचशे पटींहून अधिक खाली आली.

तुरटीच्या बाबतीत आणखीही काही घडते. ॲल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून धन भाराचे मोठे आयन आणि शेवटी चिकट, पांढरट हायड्रॉक्साइड तयार करते. ते आयन कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांचा ऋण भार झाकतात आणि हायड्रॉक्साइडचे पुंजके खाली येताना वाटेतले कण जाळ्यात धरावेत तसे ओढून नेतात. म्हणूनच तुरटी टाकल्यावर पाणी आधी जोरात आणि मग अगदी हलके ढवळायचे असते. जोरात अशासाठी की ती सगळीकडे पोहोचावी. हलके अशासाठी की जुळू लागलेले पुंजके फुटू नयेत. ‘पहिल्यांदा रवी, मग पाळणा’ असे आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणत, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ते आमच्या अधिक लक्षात राहिले.

गुरुजींनी मुद्दाम पाचवी बरणी घेऊन तीत तुरटी जास्त घातली होती. आमची अपेक्षा अशी की पाणी आणखी लवकर निवळेल. ते तसेच गढूळ राहिले. झाकता झाकता ऋण भार संपला होता आणि वर धन भार चढला होता. आता सगळे कण धन होते आणि पुन्हा एकमेकांना दूर लोटत होते. तेव्हापासून पाण्याच्या पाळीत एक शिस्त आली. टाकीत तुरटी घालण्याआधी त्या दिवशीच्या पाण्याच्या चार-पाच बरण्या भरायच्या, कमी-अधिक मात्रा घालून पाहायच्या आणि मग ठरवायचे. सामान्यतः हजार लिटरला २० ते ५० ग्रॅमच्या आसपास हिशेब बसे. मोठ्या पावसानंतर तो बदले. मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही मात्रा याच रीतीने ठरवतात. काल किती घातली होती, हे आजचे उत्तर नव्हे.

तुरटीनंतर वाळूची गाळणी. वाळूची गाळणी म्हणजे बारीक चाळणी, असा बहुतेकांचा समज असतो. हिशेब करून पाहिला तर तो टिकत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या दाण्यांमधल्या फटी मातीच्या कणापेक्षा शंभरेक पट रुंद असतात. त्या चाळणीतून कण सहज निसटेल. गाळणी कण अडवते ती फटीने कमी आणि दाण्याच्या पृष्ठभागाने अधिक. पाणी वळणे घेत उतरते, कण दाण्याच्या जवळ येतो आणि चिकटतो. मात्र वाळूही पाण्यात ऋण भाराचीच असते. तिच्याभोवतीही तसाच ढग असतो, आणि तुरटीविना आलेल्या कणाला ती तसेच मागे लोटते जसा एक कण दुसऱ्याला. भार झाकलेला कण तिला चिकटतो. म्हणजे कणाचे जे नाते दुसऱ्या कणाशी, तेच जवळच्या भिंतीशी. आधीची पायरी गाळून पुढची पायरी काम करत नाही.

हे ज्ञान केवळ प्रयोगशाळेचे नव्हे. मराठीत ‘निवळणे’ हे क्रियापद आहे आणि ‘निवळी’ नावाचे झाड आहे. त्याची बी रांजणाच्या आतल्या बाजूस उगाळून पाणी निवळवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. शेवग्याच्या बियांतील प्रथिने पाण्यात धन भाराची असतात आणि मातीच्या ऋण कणांना एकत्र आणतात. ज्या आज्यांना आयन हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांच्या हाताला त्याचे काम ठाऊक होते.

मात्र निवळलेले पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लेखात आम्हाला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. तुरटी आणि वाळू पुष्कळ जंतू खाली नेतात, सगळे नाही. त्यासाठी क्लोरीन हवे, ते मिसळल्यावर अर्धा तास थांबायला हवे आणि शेवटी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे हे तपासायला हवे. पण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला राहतात आणि क्लोरीन इतर घाणीतच खर्ची पडते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ एककांपर्यंत चालवून घेतला जातो, त्यामागे हेच कारण आहे. डोळ्यांना शुद्ध दिसणे पुरेसे नाही, आणि ते अनावश्यकही नाही.

शुद्धीचा विषय निघाला की आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. या घटनेतला अन्याय आपण सगळे जाणतो. आम्हाला तिच्यातले रसायनही दिसते. माणसाच्या ओंजळीने त्या तळ्यात काहीही गढूळ झाले नव्हते. गढूळ करणारे कण पडले ते शुद्धीच्या नावाने. कोणतीही बरणी, कोणतेही मापन याची साक्ष देईल. तळे सर्वांसाठी खुले आहे हे उच्च न्यायालयाकडून मान्य होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ज्या विद्यालयात आम्ही पाण्याचा गढूळपणा मोजायला शिकलो, तेथे आम्ही हेही शिकलो की शुद्धता ही मोजण्याची गोष्ट आहे, जन्मावरून ठरवण्याची नव्हे.

येथे एक विचार मांडून थांबतो. मातीच्या कणाचा भार त्याच्या घडणीत असतो, असे वर म्हटले. तरीही तो कण काय करील, दूर लोटील की जवळ घेईल, हे त्या भाराने एकट्याने ठरत नाही. पाण्यात कोणते क्षार आहेत, किती आहेत, पाणी आम्ल आहे की अल्क, जवळ कोणता पृष्ठभाग आहे, या सगळ्यांनी मिळून ते ठरते. लोहाच्या गंजाचे कण तर किंचित आम्ल पाण्यात धन असतात आणि पुरेशा अल्क पाण्यात ऋण होतात. स्वभाव म्हणून आपण जे म्हणतो ते पुष्कळदा कणाचे नसून कण आणि पाणी यांच्या संबंधाचे असते. कोणतीही वस्तू स्वतःपुरती, एकटी, कारणांवाचून उभी नाही, हे भन्तेजी प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना सांगत. त्याचा अर्थ आम्हाला वंदनेच्या सभागृहात जितका कळला, तितकाच त्या बरण्यांसमोर कळला.

निवासी शाळेचे कामही असेच असते, असे आम्हाला वाटते. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या घरांतून आलेली, आपापल्या जखमांचा ढग सभोवती बाळगणारी मुले येथे येतात. शाळा त्यांचे मूळ बदलत नाही. ती सभोवतीचे पाणी बदलते. मुलांमधली परस्परांविषयीची ओढ मुळात असतेच; मध्ये उभी असलेली टेकडी तेवढी खचवावी लागते. ही उपमा येथेच सोडावी हे बरे, कारण जुळलेले कण तळाशी जाऊन गाळ होतात, आणि माणसांनी जुळायचे असते ते वर येण्यासाठी. नागसेनांनीही ओढ्याचा दृष्टान्त एका लक्षणापुरताच वापरला होता.

आज ज्या मुलामुलींच्या हाती टाकीची किल्ली आहे त्यांना एवढेच सांगणे. रोज बरण्या भरून पाहा. कालच्या मात्रेवर विसंबू नका. आधी रवी, मग पाळणा, मग वाळू, मग क्लोरीन, आणि अर्धा तास थांबणे. तुमच्या हातचे पाणी लहान मुले डोळे झाकून पितात. हा विश्वास आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आला नव्हता. तो तुमच्याकडे सोपवलेला आहे.